पटकथा दुसऱ्याच्या हाती देण्याआधी: पुनर्लेखनात मालकी कशी सांभाळायची

वेंगुर्ल्याजवळ आमचं घर आहे. त्या जागेच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत. त्यातले चौघे हयात नाहीत, बरेचसे मुंबईत आहेत आणि एक मस्कतला. पडवीचे वासे बदलायचे ठरले तेव्हा पैसे द्यायला कुणी पुढे आलं नाही, हरकत घ्यायला मात्र तिघे आले. कोकणातल्या माणसाला यापुढे सामाईक मालकी समजावून सांगावी लागत नाही. पटकथेचंही असंच होतं. तिथे सव्वीस नावं लागत नाहीत, दोन पुरतात.

माझी पहिली पटकथा अशीच अडकली. गोष्ट माझी, पहिला खर्डा माझा. संवाद मालवणीत हवे होते आणि माझी मालवणी गिरणगावात वाढलेल्या पोराची. म्हणून कुडाळच्या एका मित्राला म्हटलं, जरा हात फिरव. त्याने तीन महिने बसून संवाद लिहिले, दोन नवे प्रसंग घातले आणि शेवट बदलला. कागदाचा विषय मी चाचरत काढला तर म्हणाला, "अरे, आपल्यात कागद कित्याक?" मलाही सुटल्यासारखं वाटलं. दीड वर्षाने निर्माता मिळाला. त्याच्या वकिलाने पहिल्याच बैठकीत विचारलं, संवादलेखकाचा करार कुठे आहे? मित्र तोवर परदेशात गेला होता. फोनवर तो शांतपणे म्हणाला, "अर्दी पटकथा माजी आसा." आणि खरं सांगायचं तर तो फारसा चुकत नव्हता. निर्मात्याने दोन पावसाळे वाट पाहिली आणि दुसरा सिनेमा धरला.

त्यानंतर ठेचा खात जे शिकलो ते क्रमाने लिहितो. मी वकील नाही. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला शेवटचा कागद एकदा दाखवाच. पण त्याच्यासमोर काय ठरवून बसायचं, ते आपणच ठरवायचं असतं.

आधी आपला खर्डा कुलूपबंद करा

दुसऱ्याला पटकथा पाठवण्याच्या आदल्या दिवशीचं हे काम आहे. हातातला खर्डा पीडीएफ करा. पहिल्या पानावर नाव, खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख घाला, प्रत्येक पानावर पृष्ठक्रमांक घाला. ती फाइल स्वतःला आणि विश्वासातल्या आणखी एकाला ईमेल करा. 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल खरी' अशी नावं देऊ नका. मी दिली होती आणि दोन वर्षांनी आधीची कुठली हे मलाच सांगता येईना.

भारतात कॉपीराइट लिहिल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी नोंदणी करावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. त्यातून अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता एवढं सिद्ध होतं. मालकीचा निकाल त्यातून लागत नाही, पण भांडणात अर्धी लढाई तारखेचीच असते. दुसरा रस्ता दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाचा. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. अर्ज गेल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ४८ नुसार तिथली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता कपाटात ठेवायची जुनी युक्ती मात्र सोडून द्या. त्या पाकिटाने कुठलाही हक्क मिळत नाही.

एक गोष्ट इथेच समजून घ्यावी. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. 'गणपतीला मुंबईहून आलेला धाकटा भाऊ घर विकायचं काढतो' ही कल्पना आहे आणि ती कोकणात दर तिसऱ्या घराची आहे. पण आरतीच्या वेळी थोरल्याने टाळ हातातून खाली ठेवला, त्यानंतर कोण काय बोललं आणि कुणाच्या तोंडून खरेदीदाराचं नाव बाहेर पडलं, हे तुम्ही प्रसंगांतून मांडलं असेल तर ते तुमचं. म्हणून सहलेखकाला तोंडी गोष्ट ऐकवण्यापेक्षा लिहिलेला खर्डा द्या. कमीत कमी दहा-बारा पानांचं प्रसंगवार टिपण तरी हवंच.

नेमकं काय मागताय?

'जरा हात फिरव' हे शब्द मी आता वापरत नाही. त्यात चार वेगळी कामं दडलेली असतात.

पहिलं, वाचून मत देणं. 'मध्यंतरापूर्वी ढेपाळतंय' असं सांगणाऱ्याची मालकी होत नाही. दुसरं, व्याकरण आणि बोलीची दुरुस्ती. तिसरं, संवादलेखन. चौथं, प्रसंगांची रचना, पात्रं आणि शेवट बदलणं, म्हणजे खरं पुनर्लेखन. गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या हद्दीवर, आणि आपल्याकडे मालवणीमुळे तर हमखास होतो. माझ्या खर्ड्यात बहीण म्हणायची, "तू मला आधी का नाही सांगितलंस?" मित्राने त्याचं "माका आदी कित्याक नाय सांगलंस?" केलं असतं तर ती बोलीची दुरुस्ती झाली असती. त्याने लिहिलं, "गाव जेवान उठलो, आणि आता सांगतंस?" या वाक्यात बहिणीचा राग आहे, घरात घडून गेलेलं कार्य आहे आणि तिला डावलल्याची सल आहे. यातलं काहीच माझ्या खर्ड्यात नव्हतं. हे त्याचं लेखन आहे. 'बोलीभाषा साहाय्य' असं म्हणून त्याला गप्प करणं मला तेव्हा सोपं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

कायद्याच्या भाषेत, दोघांचं योगदान वेगळं काढता येणार नाही इतकं मिसळलं तर ती संयुक्त लेखकांची कृती ठरते. दिल्ली उच्च न्यायालयापुढे मौलाना आझाद यांच्या आत्मकथनाचा वाद आला होता. मौलाना उर्दूत सांगत गेले, हुमायून कबीर यांनी ते इंग्रजीत लिहून काढलं आणि मौलानांनी ते तपासलं. न्यायालयाने दोघांनाही लेखक मानलं. म्हणजे 'गोष्ट माझी, त्याने फक्त लिहून काढली' हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. उलटंही खरं: नुसता लेखनिक लेखक होत नाही. तुमचा सहकारी या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो ते आधीच बोलून घ्या, कारण नंतर दोघांनाही ते आपापल्या सोयीचं आठवतं.

नाव, पैसा, मालकी: तीन बोलणी

हे तिन्ही विषय एकाच दमात उरकले जातात आणि तिथेच घोळ होतो. एखाद्याला पूर्ण मानधन आणि ठळक श्रेय देऊन मालकी तुमच्याकडे राहू शकते. कुणाला आज पैसे न देता मालकीत हिस्सा देता येतो. तिन्ही स्वतंत्रपणे ठरवा.

नावाचं आपल्याकडे बरं आहे. मराठी सिनेमात 'कथा', 'पटकथा', 'संवाद' अशी श्रेयाची वेगळी खाती आधीपासून आहेत. कथा माझी, पटकथा दोघांची, संवाद त्याचे, असं सरळ लिहिता येतं. दोघांत आधी कुणाचं नाव येणार, तेही लिहा. हसू नका, यावरून बोलणं बंद झालेली माणसं मला माहीत आहेत.

पैशाबाबत एवढंच की रक्कम खर्ड्याप्रमाणे हप्त्यांत बांधा. निर्माता आल्यावर बघू, असं ठरत असेल तर निर्मात्याकडून येणाऱ्या रकमेतला टक्का लिहा.

मालकीबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज असा: पैसे दिले म्हणजे लेखन आपलं झालं. तसं होत नाही. पगारी नोकरीत केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. सुट्ट्या मानधनावर लिहिणारा लेखक नोकर नसतो. त्याने लेखी सही करून हक्क दिले नाहीत तर त्याने लिहिलेलं त्याचंच राहतं. तुमच्या हातात राहते ती फक्त जीपेची पावती.

कागद कसा असावा

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. मी वापरतो तो मसुदा साधारण असा असतो:

"लिहून देणार यांनी सदर पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यावर आजवर केलेल्या व यापुढे या करारान्वये करावयाच्या सर्व लेखनाचे, म्हणजे प्रसंग, संवाद, पात्रे व टिपणे यांचे, चित्रपट, दूरचित्रवाणी, ओटीटी, रंगभूमी, श्राव्य माध्यम, पुनर्निर्मिती व भाषांतर यांसाठीचे हक्क लिहून घेणार यांस संपूर्ण जगासाठी व कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी हस्तांतरित केले आहेत. ठरलेला मोबदला पूर्ण मिळाल्याच्या दिवसापासून हे हस्तांतर अमलात येईल. हक्क एका वर्षात न वापरल्याच्या कारणाने ते परत जाणार नाहीत."

यातला प्रत्येक शब्द कुठल्या तरी खड्ड्यावर टाकलेली फळी आहे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर हस्तांतर भारतापुरतंच होतं. हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर, वेगळं लिहिलं नसल्यास, ते रद्द होतात. आपल्या पटकथा निर्मात्यावाचून तीन-तीन वर्षं पडून असतात, तेव्हा शेवटचं वाक्य अजिबात विसरू नका. माध्यमांची नावं लिहायची, कारण करारावेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचं नाव कागदात नसेल तर त्याचे हक्क जात नाहीत. मोबदल्याचं वाक्य सहलेखकाच्या बाजूने आहे आणि ते तसंच ठेवा. पैसे न देता हक्क गिळायची सोय करणारा कागद समोरच्याने कधी तरी वकिलाला दाखवला की मैत्री तिथेच संपते.

दोन गोष्टी कागदानेही काढून घेता येत नाहीत, हे दोघांनाही माहीत असावं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनापलीकडच्या वापरावरच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. आणि कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क, मालकी दिल्यावरही लेखकाकडेच राहतो.

संपूर्ण हस्तांतर नको असेल तर परवाना देता येतो. देवगडात हंगामापुरती आंब्याची कलमं कराराने देतात. करारदार आंबा उतरवतो, पेट्या भरतो, पैसे देतो, पण कलमं बागायतदाराचीच राहतात. सहलेखक नाटककार असेल आणि त्याला आपल्या प्रसंगांचं पुढे एकांकिकेत काही करायचं असेल, तर चित्रपटापुरते हक्क घ्या आणि रंगभूमी त्याच्याकडे राहू द्या.

कागदात आणखी हवं ते असं: सहलेखक मध्येच सोडून गेला तर तोवरच्या लेखनाचं काय, त्याच्यानंतर तिसरा लेखक आणता येईल का, मजकूर बाहेर दाखवायचा नाही, आणि त्याने लिहिलेलं त्याचं स्वतःचं आहे, कुठून उचललेलं नाही, याची हमी. वाद झाल्यास मध्यस्थ कोण, तेही लिहा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना शंभराऐवजी पाचशेचा स्टँप लागतो. प्रत्येक पानावर दोघांची सही आणि शेवटी दोन साक्षीदार ठेवा. हस्तांतराला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, पण पुढे आठवण द्यायला बरे पडतात.

आणि हा कागद काम सुरू होण्याआधी. पहिला प्रसंग लिहून आला की तुमची बाजू हलकी झाली म्हणून समजा.

काम चालू असताना

एका वेळी पटकथा एकाकडेच असू द्या. दोघांनी एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहायचं असेल तर प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातूनच लिहावं, म्हणजे कुणी काय बदललं याचा इतिहास राहतो. एका लॅपटॉपवर दोघे बसून लिहीत असाल तर इतिहास राहत नाही. तेव्हा वहीच लागते. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"खर्डा ३, १४ जुलै. प्रसंग ९, बाजारातलं भांडण काढलं (मी). प्रसंग १७ नवा, होडीतला (तो). प्रसंग ३१, शेवटचे चार संवाद त्याचे, कृती माझी. शीर्षक अजून ठरत नाही."

त्याच रात्री हे पान फोटोसह त्याला ईमेल केलं, 'बरोबर आहे ना?' असं विचारून. त्याचं 'हो' हे एक अक्षरी उत्तर माझ्याकडे आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की रेंजही जाते, म्हणून पेनड्राइव्हवर प्रत ठेवतो आणि लाइट आली की आधी तो ईमेल.

व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवलेले संवाद हे वेगळंच प्रकरण आहे. ते लगेच उतरवून घ्या आणि मूळ संदेश पुसू नका.

आता दशावताराबद्दल, कारण कोकणातली पटकथा म्हटलं की कुणी तरी दशावतारी कलाकार मदतीला येतोच. दशावतारात परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं आणि पात्रं रंगावर उभ्या उभ्या संवाद रचतात. तिथे 'हे वाक्य कुणाचं' असं कुणी विचारत नाही, आणि तीच सवय घेऊन हे कलाकार आपल्या तालमीला येतात. मी एका ज्येष्ठ कलाकाराला तालमीत म्हटलं, "अण्णा, तुमी संकासुर म्हणून बोला, मी लिहून घेतो." अण्णा वीस मिनिटं बोलले. त्यातली सहा वाक्यं जशीच्या तशी पटकथेत आली. त्या वीस मिनिटांचं काय? तालमीआधी रेकॉर्डिंगची परवानगी घ्यायची, त्याच दिवशी मानधन द्यायचं, आणि या तालमीतले संवाद पटकथेत वापरायला हक्कांसह संमती आहे असा एक पानी कागद मराठीत, वाचून दाखवून, सही घेऊन ठेवायचा. श्रेयनामावलीत नाव, हेही त्यातच. अण्णांनी कागद वाचला आणि म्हणाले, "एवढा कोणी विचारणा नाय रे." मला वाटतं त्यांना ते आवडलं.

खरोखरच दोघांची असेल तर

काही पटकथा सुरुवातीपासून दोघांच्या असतात आणि तिथे एकट्याची मालकी ओढून आणणं लबाडीचं होईल. मग हिस्से लिहा, साठ-चाळीस की निम्मे-निम्मे. संयुक्त कृतीचा परवाना एकट्याने द्यायला जाऊ नका, दुसऱ्याची संमती लागतेच. म्हणून निर्मात्याशी बोलणार कोण, किती दिवसांत हो-नाही सांगायचं, उत्तर आलंच नाही तर काय, हे ठरवा. आमच्या करारात तीस दिवसांची मुदत आहे. संयुक्त कृतीचा कॉपीराइट शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. तोवर दोन्हीकडचे वारस किती होतील, ते आपापला सातबारा काढून मोजा. हिस्सा वारसांकडे जाईल, पण निर्णय एकच माणूस घेईल, असं नाव लिहून ठेवता येतं.

निर्माता आल्यावर

निर्मात्याला गोष्ट ऐकवायला गेलात तर त्याच दिवशी आभाराचा ईमेल करा: आज अमुक वेळी भेटलो, अमुक पटकथेचा तिसरा खर्डा गोपनीयतेने दिला, सोबत जोडला आहे. २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने, विश्वासाने सांगितलेल्या तपशीलवार संकल्पनेलाही गोपनीयतेचं संरक्षण मिळू शकतं, असं धरलं. पण काय सांगितलं होतं ते नेमकं दाखवावं लागतं, 'सगळी गोष्ट सांगितली होती' म्हणून भागत नाही.

निर्मात्याचा वकील मालकीची साखळी मागेल: मूळ कथेपासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत हात लावलेल्या प्रत्येकाचा कागद. इथे तुमची फाइल उपयोगी पडते. आणि इथेच भूमिका उलटतात, कारण आता पुनर्लेखनासाठी दुसरा माणूस निर्माता आणणार असतो. म्हणून निर्मात्याच्या करारात पुनर्लेखनाची पहिली संधी तुम्हाला, नवा लेखक आला तरी तुमचं कथेचं श्रेय कायम, आणि ठरावीक वर्षांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क परत, ही तीन कलमं मागा. शेवटच्यावर निर्माते कुरकुर करतात. मी तीन वर्षांवर तडजोड करतो.

बिनसलंच तर

आधी नवे खर्डे पाठवणं थांबवा. रागाने काही पुसू नका, फोन बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार व्हॉट्सॲप, ईमेलसारखा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांच्या तक्रारींसाठी वाद निवारण समिती आहे. कोर्टाआधी तिकडे जाणं खिशाला परवडतं. नोटीस पाठवलीत तर त्यात पानं आणि प्रसंगांचे क्रमांक द्या, विशेषणं नकोत.

माझा तो मित्र गेल्या चतुर्थीला गावी आला होता. पडवीत बसून आम्ही जुने खर्डे काढले आणि कुणाचं काय ते पेन्सिलीने खुणावलं. अर्धी नाही, पण तिसऱ्या हिश्श्याएवढी पटकथा त्याची निघाली. पटकथेत दोघांची नावं, संवादात त्याचं एकट्याचं, असा कागद झाला. वकिलाने तो पाहिला आणि विचारलं, रंगभूमीचे हक्क कुठे लिहिलेत? ते राहिले होते. मित्र तोवर परत गेला होता. पुढच्या चतुर्थीला पुन्हा पाचशेचा स्टँप आणायचा आहे.